परत आलेले टॉवेल: जीमॅटच्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये अडकलेल्या तयारीचं एक प्रकरण

परीक्षार्थी सत्तावीस वर्षांची. शाळा मराठी माध्यमाची, बी.कॉम. सोलापुरातच, आणि आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. नोकरी करत जीमॅट, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. गणित पक्कं आहे, वाचनाचे उतारे बरे जातात. क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे छोट्या युक्तिवादांवरचे तर्काचे प्रश्न, मात्र दोन महिन्यांच्या सरावानंतरही जिथल्या तिथे आहे. दहा प्रश्नांतले चार-पाच चुकतात, आणि उत्तरं तपासून झाल्यावर तिचं वाक्य ठरलेलं असतं: "शेवटी दोनच पर्याय उरले होते, नेमका चुकीचा निवडला."

हे प्रकरण एका खऱ्या व्यक्तीचं नाही. नोकरी सांभाळून, मराठी माध्यमातून येऊन ही परीक्षा देणाऱ्यांच्या चुका ज्या तऱ्हेने होतात, त्या एका ठिकाणी आणून ते रचलं आहे. खालचे युक्तिवाद आणि त्यांतले आकडेही सरावासाठी तयार केलेले आहेत. परीक्षेबद्दलची माहिती मात्र खरी आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं आणि जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. आता तीन विभाग आहेत, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. व्हर्बल, म्हणजे भाषेच्या, विभागात २३ प्रश्न असतात. त्यातून वाक्य सुधारण्याचे प्रश्न काढून टाकले, त्यामुळे उरले ते दोनच प्रकार: वाचनाचे उतारे आणि क्रिटिकल रीझनिंग. व्याकरण घोकून व्हर्बलचे गुण सावरण्याची जुनी वाट बंद झाली आहे, म्हणून युक्तिवादाच्या प्रश्नांत अडकलेल्या परीक्षार्थीला आता दुसरीकडून भरपाई फारशी मिळत नाही. ४५ मिनिटांना २३ ने भागलं तर एका प्रश्नाला ११७ सेकंद येतात, आणि त्यातच मोठे उतारेही वाचायचे असतात.

वहीत काय होतं

तिच्याकडे चुकांची वही होती, नीट आखलेली. प्रश्न क्रमांक, आपलं उत्तर, बरोबर उत्तर, आणि शेवटच्या रकान्यात छापील स्पष्टीकरणातून उतरवलेली दोन वाक्यं. अशी वही पुष्कळ जण ठेवतात आणि तिचा उपयोग फार थोडा होतो, कारण बरोबर उत्तर समोर ठेवून लिहिलेलं स्पष्टीकरण नेहमीच पटतं. आपण चुकीच्या पर्यायाकडे कसे गेलो, हे त्यात कुठेच उमटत नाही.

म्हणून तिच्या शिक्षकांनी पहिलं काम असं दिलं: चुकलेले पंधरा प्रश्न पुन्हा घ्यायचे, उत्तर झाकून, घड्याळ न लावता. प्रत्येकासाठी चार ओळी लिहायच्या. निष्कर्ष कोणता, तो कशाच्या आधारावर काढला, आधार आणि निष्कर्ष यांच्यामध्ये काय राहून गेलं, आणि पाचही पर्यायांपुढे ठेवला किंवा काढला याचं कारण, एकेका वाक्यात. भाषा मराठी चालेल. परीक्षा इंग्रजीत असली तरी विचार इंग्रजीतच झाला पाहिजे असं काही नाही, आणि सुरुवातीला तसा हट्ट धरला तर निम्मी ताकद भाषांतरात जाते.

पंधरा प्रश्नांच्या या ओळी वाचल्यावर चित्र बदललं. निम्म्याहून जास्त ठिकाणी तिने लिहिलेला निष्कर्ष उताऱ्यातला नव्हताच. उताऱ्याचा विषय तिने निष्कर्ष म्हणून लिहिला होता, किंवा युक्तिवाद करणाऱ्याने जे म्हटलं त्याहून एक पायरी पुढचं काहीतरी. "दोन पर्यायांत गडबड होते" हे तिचं निदान चुकीचं होतं. गडबड पर्यायांपर्यंत पोचण्याआधीच होऊन गेलेली होती.

एकच प्रश्न, पूर्ण उकलून

युक्तिवाद असा:

एका टॉवेल उत्पादकाने गेल्या वर्षी आपल्या कारखान्यातले जुने शटल माग काढून रॅपियर माग बसवले. त्याआधीच्या सहा महिन्यांत विकलेल्या टॉवेलांपैकी ६ टक्के टॉवेल ग्राहकांनी सदोष म्हणून परत केले होते. नंतरच्या सहा महिन्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांवर आलं. यावरून दिसतं की नव्या मागांवर विणलेल्या टॉवेलांत विणकामाचे दोष कमी राहतात.

पुढीलपैकी कोणतं विधान, खरं असल्यास, हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं?

अ) रॅपियर माग शटल मागांपेक्षा बरेच महाग असतात आणि ते चालवणाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं.
ब) नवे माग बसवले त्याच महिन्यापासून उत्पादकाने माल पाठवण्याआधी प्रत्येक टॉवेल तपासायला सुरुवात केली, पूर्वी दहातला एकच तपासला जात असे.
क) जुने माग असताना परत आलेल्या टॉवेलांपैकी काहींमध्ये रंगाईचा दोष होता.
ड) दुसऱ्या एका उत्पादकाने माग न बदलता परत येणाऱ्या टॉवेलांचं प्रमाण कमी केलं.
इ) माग बदलल्यानंतरच्या सहा महिन्यांत उत्पादकाने आधीपेक्षा बरेच जास्त टॉवेल विकले.

तिने अ निवडला. दुसरी पसंती ड.

"अ का घेतलास?"

"सर, एवढे पैसे घालून माग परवडतात कुठे? आमच्याकडे हप्ते चालू आहेत, मी रोज बघते."

"परवडतात असं उताऱ्यात कुणी म्हटलंय का?"

म्हटलेलं नाही. उताऱ्याचा दावा एवढाच, की नव्या मागांवर विणकामाचे दोष कमी राहतात. माग महाग असले, कर्ज काढून घेतले असले, कामगारांना शिकवायला महिना गेला असला, तरी दोष कमी राहतात की नाही यावर त्याचा काही परिणाम होत नाही. तिने वहीत निष्कर्ष लिहिला होता "रॅपियर माग घेणं फायद्याचं आहे". त्या निष्कर्षाला अ खरोखरच धक्का देतो. म्हणजे तिने बरोबर तर्क लावला, पण उताऱ्यात नसलेल्या दाव्याविरुद्ध. टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला टॉवेलचा उतारा सोपा जाईल असं वाटतं, आणि घडतं याच्या उलट. विषय जितका ओळखीचा, तितकं आपलं ज्ञान उताऱ्यात मिसळतं. वैद्यकीय उताऱ्यावर डॉक्टर चुकतात आणि जाहिरातीच्या उताऱ्यावर मार्केटिंगवाले, ते याच कारणाने.

आता आधार आणि निष्कर्ष शेजारी ठेवून पाहू. आधार बोलतो परत आलेल्या टॉवेलांबद्दल. निष्कर्ष बोलतो विणकामाच्या दोषांबद्दल. या दोन गोष्टी एक नाहीत. टॉवेल सदोष असूनही परत येणार नाही, जर तो ग्राहकापर्यंत पोचलाच नाही तर. टॉवेल परत येऊनही विणकाम निर्दोष असू शकतं, दोष शिलाईचा किंवा रंगाचा असेल तर. शिवाय प्रमाण घटलं हे खरं, पण त्याच काळात दुसरं काय बदललं हे उताऱ्याने सांगितलेलं नाही: सूत, रंगाई, तपासणी, ग्राहक. पर्याय वाचण्याआधी एवढं दिसलं पाहिजे. फटी दोन आहेत. एक, मोजलं एक आणि बोललो दुसऱ्याबद्दल. दोन, आगेमागे घडलेल्या गोष्टींना कारण आणि परिणाम मानलं.

ब या दोन्ही फटींवर एकदम बसतो. तपासणी दहापटीने वाढली, म्हणजे मागावरून पूर्वीइतकेच सदोष टॉवेल उतरत असले तरी ते कारखान्यातच बाजूला पडणार आणि परतीचा आकडा घटणार. आकडा खरा राहतो, निष्कर्षाचा आधार मात्र जातो.

हाच पर्याय तिने सर्वांत आधी खोडला होता. कारण लिहिलं होतं, "तपासणीचा उल्लेख उताऱ्यात नाही, विषयाबाहेर." क्लासमधून शिकलेल्या युक्त्यांपैकी ही सर्वांत जास्त नुकसान करणारी आहे, असं आमचं ठाम मत आहे. कमकुवत करा किंवा बळकट करा अशा प्रश्नांत बरोबर पर्याय बहुतेक वेळा नवीनच माहिती आणतो. उताऱ्यात तो शब्द आहे का, याने काहीच ठरत नाही. ही माहिती खरी मानल्यावर निष्कर्षावर माझा विश्वास वाढतो, घटतो की होता तेवढाच राहतो, एवढाच प्रश्न विचारायचा.

ड मध्ये पुष्कळ जण अडकतात. दुसऱ्याने माग न बदलता परती कमी केल्या, म्हणजे परती कमी करायला दुसरे मार्ग आहेत. ठीक. पण या उत्पादकाच्या बाबतीत माग कारण नव्हते, असं त्यातून निघत नाही. एका गोष्टीची अनेक कारणं असू शकतात. पर्यायी कारण दाखवायचं तर ते याच कारखान्यात, याच सहा महिन्यांत असलं पाहिजे.

क "काहींमध्ये" या शब्दाने ढिला पडतो. शेकड्यात एक टॉवेल असला तरी "काही" खरं ठरतं. आणि रंगाईचे दोष पूर्वी होते एवढं सांगून भागत नाही. ते नंतर कमी झाले असं सांगितलं असतं तर पर्याय जड झाला असता. इ ला टक्केवारीचा विसर पडला आहे. विक्री वाढल्याने परतीचं प्रमाण आपोआप घटत नाही, कारण प्रमाण विक्रीवरच काढलेलं असतं.

उतारा तोच, प्रश्न वेगळा

दुसऱ्या आठवड्यात नवे उतारे थांबवले. याच उताऱ्यावर प्रश्न बदलून विचारले. एका उताऱ्यावर असे चार प्रश्न सोडवणं हे चार उताऱ्यांवर एकेक प्रश्न सोडवण्यापेक्षा जास्त शिकवतं, कारण फट एकदा सापडली की प्रत्येक प्रश्नप्रकार त्याच फटीशी काय करतो ते उघडं दिसतं.

बळकट करायचं असेल तर फट बुजवणारी माहिती हवी. उदाहरणार्थ: याच उत्पादकाच्या दुसऱ्या कारखान्यात शटल माग तसेच आहेत, तिथलं सूत, रंगाई आणि तपासणी पहिल्यासारखीच आहे, आणि तिथल्या परतीचं प्रमाण वर्षभर बदललं नाही. यात माग सोडून बाकी सगळं सारखं ठेवलेलं आहे, म्हणून फरकाचं श्रेय मागांकडे जातं. सिद्ध होत नाही, बळ मिळतं. प्रश्नही तेवढंच मागतो.

मूल्यमापनाच्या प्रश्नात पर्याय प्रश्नाच्या रूपात असतात: "माग बदलले तेव्हाच सुताचा पुरवठादार बदलला का?" इथे दोन टोकांची उत्तरं देऊन पाहायची. होय म्हटलं तर निष्कर्ष डळमळतो, नाही म्हटलं तर थोडा सावरतो. दोन उत्तरांनी निष्कर्ष दोन दिशांना हलला, म्हणून हा पर्याय कामाचा. "माग बसवायला किती खर्च आला?" याला दोन लाख म्हणा की दोन कोटी, दोषांबद्दलचा निष्कर्ष जागचा हलत नाही.

गृहीतकाचा प्रश्न सर्वांत अवघड गेला, आणि तो बहुतेकांना जातो. गृहीतक म्हणजे टॉवेलच्या लूपखाली (धाग्यांच्या फासांखाली) झाकलेला ताणा, म्हणजे उभे धागे: वरून दिसत नाही, पण तो काढला तर लूप धरून ठेवायला काही उरत नाही. म्हणून तपासणी उलटी करतात. पर्याय नाकारून पाहायचा आणि युक्तिवाद पडतो का बघायचं. तिच्यासमोर हे दोन पर्याय उरले होते:

एक, परत येणाऱ्या टॉवेलांत विणकामाशिवाय दुसरा कोणताही दोष नसतो.
दोन, माल पाठवण्याआधीची तपासणी या काळात इतकी कडक झाली नव्हती की केवळ तिच्यामुळे परतीचं प्रमाण निम्म्यावर यावं.

तिने पहिला घेतला, आणि नाकारून पाहताना लिहिलं, "परत येणाऱ्या एकाही टॉवेलात विणकामाचा दोष नसतो. मग युक्तिवाद पडतो." पण हा त्या विधानाचा नकार नव्हे. "सगळे" याचा नकार "सगळे नाहीत" असा होतो, "एकही नाही" असा होत नाही. नीट नकार दिला तर पहिलं विधान असं होतं: परत येणाऱ्या टॉवेलांपैकी काहींत दुसरे दोषही असतात. असेनात का. विणकामाचे दोष घटल्यामुळे एकूण परती घटल्या, हे तरीही शक्य आहे. युक्तिवाद उभा राहतो, म्हणून पहिलं विधान गृहीतक नाही. दुसऱ्याचा नकार म्हणतो, कडक तपासणी एकटीच ही घट घडवायला पुरेशी होती. मग नव्या मागांकडे बोट दाखवायला आधार उरला नाही. हेच उत्तर.

नकाराची ही एक चूक सुधारली की गृहीतकाच्या प्रश्नांत लगेच फरक दिसतो. पाच-सहा नमुने हाताशी असले तरी पुरतं. "बहुतेक" याचा नकार "निम्मे किंवा त्याहून कमी". "नेहमी" याचा "कधीतरी नाही". "काही" याचा "एकही नाही". "क्ष झाल्याशिवाय य होत नाही" याचा "क्ष न होताही य होऊ शकतं". गृहीतकाच्या पर्यायांत जोरकस शब्द दिसला की आधी थबकावं. युक्तिवादाला टिकायला जेवढं लागतं तेवढंच गृहीतक असतं, आणि युक्तिवादाला सहसा "सगळे" किंवा "फक्त" लागत नाही.

कशावर संशय घ्यायचा आणि कशावर नाही

चौथ्या-पाचव्या बैठकीत आणखी एक गोष्ट पुढे आली. ब बद्दल ती म्हणाली होती, "एवढा माल निघतो, प्रत्येक टॉवेल कोण तपासतं?" कारखान्यातलं तिचं निरीक्षण बरोबर असेल. पण प्रश्नात "खरं असल्यास" असे शब्द आहेत. म्हणजे पर्याय खरा आहे असं परीक्षेनेच सांगून टाकलं आहे, आणि संशय घ्यायचा तो उताऱ्यातल्या निष्कर्षावर. कमकुवत करा, बळकट करा, या दोन्हींत असंच. विसंगतीच्या प्रश्नातही पर्याय खराच मानायचा.

अनुमानाच्या प्रश्नात दिशा उलटी होते. तिथे उतारा खरा मानायचा आणि संशय पर्यायांवर घ्यायचा: उताऱ्यातल्या विधानांवरून हे निघालंच पाहिजे का? तिचा हा प्रश्न चुकला होता:

शेंगा चटणी विकणाऱ्या एका उद्योगाच्या गेल्या वर्षीच्या विक्रीत ६० टक्के पाकिटं २५० ग्रॅमची होती. या वर्षी २५० ग्रॅमच्या पाकिटांचा वाटा ४० टक्के झाला. विकलेल्या एकूण पाकिटांची संख्या मात्र या वर्षी दुप्पट झाली.

तिचं उत्तर होतं, "गिऱ्हाइकांना आता मोठी पाकिटं जास्त आवडू लागली आहेत." बाकीची पाकिटं मोठी होती, हे कुठून आलं? ती १०० ग्रॅमचीही असतील. आणि आवडीबद्दल तर उतारा गप्पच आहे. दुकानदारांनी २५० ग्रॅमचा माल कमी ठेवला असेल. निघतं ते असं: गेल्या वर्षी १,००० पाकिटं धरली तर ६०० पाकिटं २५० ग्रॅमची, या वर्षी २,००० पैकी ८००. म्हणजे वाटा घटूनही २५० ग्रॅमच्या पाकिटांची संख्या वाढली. आणि बाकीची ४०० वरून १,२०० झाली, तिप्पट. यातलं कोणतंही विधान बरोबर पर्याय होऊ शकतं, आणि दोन्ही वाचायला रुक्ष वाटतात. अनुमानाचं बरोबर उत्तर बहुधा असंच फिकं असतं. जे चमकदार दिसतं त्यात उताऱ्याबाहेरची एक उडी लपलेली असते.

हिशेब सांभाळणाऱ्या मुलीने टक्केवारीत चुकावं याचं तिला फार वाईट वाटलं. पण गणिताच्या विभागात हाच प्रश्न आला असता तर तिने तो अर्ध्या मिनिटात सोडवला असता. व्हर्बलमध्ये आकडे आले की ते वाचून पुढे जायची सवय लागते. उपाय साधा: टक्के आणि संख्या एकत्र दिसली की शंभर किंवा हजार धरून मांडून टाकायचं.

विसंगतीच्या प्रश्नांत तिची अडचण कमी होती. एकच नमुना पुरे. खानावळीने थाळीचा दर वाढवला, महिन्यात येणारी गिऱ्हाइकं तेवढीच राहिली, थाळीमागचा आणि बाकीचा खर्चही तेवढाच, तरी नफा घटला. "गिऱ्हाइकं नाराज होऊन निघून गेली" हे स्पष्टीकरण दिलेल्या माहितीलाच छेद देतं. "तीच माणसं आता आठवड्यातून चारऐवजी दोनदा येतात" हे दोन्ही गोष्टी खऱ्या ठेवून गाठ सोडवतं. ठळक अक्षरांतल्या वाक्यांची भूमिका ओळखा, असे प्रश्न थोडे येतात. त्यांत आधी लेखकाचा मुख्य निष्कर्ष शोधायचा, मग प्रत्येक ठळक भागापुढे बाजूने, विरोधात की स्वतः निष्कर्ष एवढं लिहायचं, आणि पर्याय या खुणांशी ताडायचे. त्यावर आठवडे घालवू नयेत.

घड्याळ कधी लावायचं

तिची दुसरी मोठी चूक पहिल्या दिवसापासून दोन मिनिटांचं घड्याळ लावण्याची होती. चुकीची पद्धत घाईने केली की चुका जलद होतात, एवढंच. क्रम असा बदलला. पहिले दोन आठवडे रोज पाच प्रश्न, वेळेची मोजदाद नाही, चार ओळी सक्तीच्या. तिसऱ्या आठवड्यात चार ओळींच्या जागी एकच खूण, जी परीक्षेतही करता येईल. टॉवेलच्या उताऱ्याची तिची खूण होती: "परती घट → विणदोष घट?" आणि खाली "तपासणी/सूत". जीमॅटच्या केंद्रावर साधा कागद-पेन नेता येत नाही, पुसता येणारी वही आणि मार्कर मिळतो, तेव्हा जाड मार्करने मोठ्या अक्षरात, थोडक्यात लिहायची सवय घरूनच हवी. छोट्या पांढऱ्या फळ्यावर सराव केला तरी चालतो.

चौथ्या आठवड्यापासून दहा प्रश्न वीस मिनिटांत. वेळेची वाटणी साधारण अशी बसते: प्रश्नाचं वाक्य आधी वाचायला दहा सेकंद, उतारा चाळीस-पन्नास, खूण पंधरा, पर्याय चाळीस. ताण येतो तेव्हा सर्वांत आधी खूण गळते, आणि तीच गळली की शेवटच्या दोन पर्यायांत घुटमळण्यात पाऊण मिनिट जातं. दोन पर्याय उरले की ते एकमेकांशी ताडत बसू नये. दोन्ही बाजूला ठेवून निष्कर्षाचं वाक्य पुन्हा शब्दशः वाचावं, मग एकेक पर्याय त्याच्यावर लावून पाहावा. बहुतेक वेळा चुकीचा पर्याय निष्कर्षातल्या एखाद्या शब्दावर अडतो: "विणकामाचे", "सर्वांत जास्त", "पुढच्या वर्षी".

खुणेत फट लिहायची, संभाव्य उत्तर लिहायचं नाही, हेही सांगावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात ती पर्याय वाचण्याआधी एक नेमकं उत्तर मनात धरू लागली आणि ते सापडलं नाही की गोंधळू लागली. "सूत बदललं असेल" असं मनात धरलं आणि पर्यायात तपासणी आली, तर दोन्ही एकाच फटीत बसतात हे दिसायला हवं.

चुकलेला प्रश्न दहा-बारा दिवसांनी पुन्हा सोडवायचा, उत्तर आठवत असलं तरी. मग बरोबर उत्तर सांगण्यापेक्षा चार चुकीचे पर्याय का चूक हे सांगता येतं का, ते पाहायचं. सरावाला परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेचेच प्रश्न वापरावेत. दोन पूर्ण सराव परीक्षा ती संस्था विनामूल्य देते. बाहेरच्या प्रश्नसंचांत बरोबर पर्याय अनेकदा नेमका नसतो, आणि इथे प्रश्नाची घडणच शिकायची असल्याने खोट्या नाण्यावर पारख करता येत नाही. या दोन परीक्षा मात्र सुरुवातीलाच खर्चून टाकू नयेत. एक चौथ्या आठवड्याच्या रविवारी, दुसरी प्रत्यक्ष परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी.

निकाल वाचतानाही सांभाळायचं आहे. ही परीक्षा उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. त्यामुळे तयारी सुधारली तरी चुकांची संख्या तेवढीच राहू शकते, कारण प्रश्न अवघड येऊ लागतात. किती चुकले यापेक्षा कोणत्या पातळीवरचे चुकले आणि विभागाचा गुणांक, जो ६० ते ९० मध्ये असतो, कुठे गेला ते पाहावं.

हीच तयारी सोलापुरातल्या ज्या मुलांना क्लॅट, म्हणजे कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे त्यांनाही उपयोगी पडते. तिथे १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, तर्काचे प्रश्न मोठ्या उताऱ्यांवर येतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. एका उताऱ्यावर अनेक प्रश्न असल्याने निष्कर्ष आणि फट एकदाच शोधली की सगळ्यांना पुरते.

परीक्षेच्या दिवसासाठी तिच्या बाबतीत ठरलेलं असं. विभागांचा क्रम निवडता येतो, तेव्हा व्हर्बल पहिला, डोकं ताजं असताना. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, उत्तर द्यावंच लागतं. पण खूण करून ठेवलेल्या प्रश्नांकडे विभागाच्या शेवटी, वेळ उरल्यास, परत येता येतं आणि जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. या तीन संधी मोठ्या उताऱ्यांवरच्या प्रश्नांसाठी वापरू नयेत, कारण तो उतारा पुन्हा वाचायला तीन मिनिटं लागतात. खूण करायची ती गृहीतकाच्या किंवा कमकुवत करण्याच्या अशा प्रश्नांवर, जिथे फट वहीत लिहिलेली आहे पण पर्याय पक्का झालेला नाही. अडीच मिनिटांवर कोणताही प्रश्न गेला की हाताशी असलेलं उत्तर द्यायचं, खूण करायची आणि पुढे जायचं, कारण शेवटचे प्रश्न कोरे राहिले तर गुणांना चुकीच्या उत्तरापेक्षाही जास्त फटका बसतो. शेवटी परत आल्यावर निष्कर्षाचं वाक्य आधी वाचायचं, आणि उत्तर बदलण्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं तरच ते बदलायचं.